सायगावात महाराज शोधणाऱ्यांस

एक फॉरवर्ड आहे. तुम्हाला आलाच असेल. आला नसेल तर तुमचे नातेवाईक फारच गुणी आहेत असं समजा. मजकूर थोड्याफार फरकाने असा असतो : व्हिएतनामसारख्या चिमुकल्या देशाने बलाढ्य अमेरिकेला धूळ चारली. युद्ध संपल्यावर पत्रकारांनी तिथल्या राष्ट्राध्यक्षांना विचारलं, हे जमलं कसं? ते म्हणाले, आम्ही एका थोर राजाचं चरित्र वाचलं आणि त्याच्या युद्धनीतीने लढलो. तो राजा म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज. पुढे हे राष्ट्राध्यक्ष वारले तेव्हा त्यांच्या समाधीवर त्यांच्याच इच्छेनुसार 'महाराजांचा मावळा इथे विसावला' अशा अर्थाचं काहीतरी कोरलं. मग १९७७ साली त्यांच्या परराष्ट्रमंत्री बाई दिल्लीत आल्या, लाल किल्ला वगैरे बघून कंटाळल्या, थेट रायगडावर गेल्या आणि तिथली माती पर्समध्ये भरून घेऊन गेल्या. शेवटी तळटीप : व्हिएतनामच्या सायगाव शहरात भर चौकात महाराजांचा पुतळा आहे. अभिमान वाटत असेल तर पुढे पाठवा.

अभिमान सगळ्यांनाच वाटतो, त्यामुळे ते पुढे जातच राहतं. रोज सकाळी, फुलांच्या फोटोंसोबत.

गेल्या हिवाळ्यात मी सायगावला जाऊन आले. पाठीला सॅक, मुक्कामाला डॉर्मिटरीतला वरचा बंक, आणि नऊ दिवस. आमच्या पोफळीतून एकटी बाई व्हिएतनामला निघाली म्हटल्यावर घरच्या ग्रुपवर जी चर्चा झाली ती इथे लिहीत नाही :-) पण विमान उतरायच्या आत मामांचा मेसेज आला होता : पुतळ्याचा फोटो टाक. माझे हे मामा सज्जन माणूस. सह्याद्रीतले किल्ले पायाखाली घातलेले, दर शिवजयंतीला गावातल्या पोरांना गोळा करून नेणारे. त्यांना मी काही बोलले नाही. ग्रुपवर वाद घालायला मला आवडत नाही, तिथे शेवटचा अंगठा दाखवणारा जिंकतो. म्हणून इथे सविस्तर लिहितेय. मामा, तुमचा मान ठेवूनच लिहितेय, पण मनात काही ठेवणार नाही.

आधी शहराबद्दल. सायगाव म्हणजे कागदोपत्री हो चि मिन्ह सिटी. १९७६ साली नाव बदललं, पण बोलताना तिथली माणसं अजून सायगावच म्हणतात. (महाराष्ट्रातही सायगाव नावाची गावं आहेत, त्यामुळे आपल्याला ते नाव ऐकून उगीचच घरचं वाटतं.) कुंभार्ली घाटातले ट्रक बघत मोठी झालेली मी, मला वाटायचं रहदारी म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. नाही हो. तिथे दुचाक्यांची नदी वाहते आणि ती आटत नाही. रस्ता ओलांडायची रीत अशी की हळू, एकाच गतीने चालत राहायचं. थांबायचं नाही, पळायचं तर अजिबात नाही. दुचाकीवाले तुम्हाला वळसा घालून जातात. फुटपाथवर बोटभर उंचीच्या प्लास्टिकच्या स्टुलांवर बसून माणसं बर्फ घातलेली दाट गोड कॉफी पितात. शाकाहारी जेवणाला तिथे 'चाय' म्हणतात, हा एक शब्द पाठ केला की आपली उपासमार टळते. एका रुपयाला साधारण तीनशे डोंग पडत असल्याने आपण सगळेच लक्षाधीश. बुई व्हिएन नावाच्या बॅकपॅकर गल्लीत रात्रभर कानठळ्या बसवणारं संगीत, आणि तिथून पायी जाता येईल एवढ्या अंतरावर जगातल्या सगळ्यांत जास्त वाटाघाटी झालेल्या आणि सगळ्यांत जास्त फोटो निघालेल्या युद्धांपैकी एकाच्या खुणा.

आता पुतळे. सायगावात पुतळे पुष्कळ आहेत. नदीकाठच्या चौकात उंचावर उभा आहे तो त्रान हुंग दाओ. तेराव्या शतकात मंगोलांच्या स्वाऱ्या परतवणारा त्यांचा सेनापती. न्गुयेन ह्युए या रुंद रस्त्याच्या टोकाला, नगरपालिकेच्या जुन्या फ्रेंच इमारतीसमोर हो चि मिन्ह. एका नाक्यावर ज्वाळांनी वेढलेला थिच क्वांग डुक, ज्या बौद्ध भिक्षूने ११ जून १९६३ रोजी तिथे भर रस्त्यात स्वतःला जाळून घेतलं. आणि एक भारतीयही आहे. ताओ दान नावाच्या बागेत ऑक्टोबर २०२३ मध्ये आपल्या परराष्ट्रमंत्र्यांनी त्याच्या अर्धपुतळ्याचं अनावरण केलं. तो पुतळा गांधीजींचा आहे. भर चौकातले महाराज मात्र मला कुठे दिसले नाहीत, मी विचारलं त्या कुणाला ठाऊकही नव्हते. उद्या एखाद्या मराठी मंडळाने हौसेने तिथे महाराजांचा पुतळा बसवला तर मी पहिली वर्गणी देईन. पण त्यामुळे १९७५ सालची गोष्ट खरी ठरणार नाही.

कारण ती गोष्ट पहिल्या ओळीपासूनच पडते. बघा :

युद्ध संपल्यावर मुलाखत देणारे हे राष्ट्राध्यक्ष कोण? जनमानसात एकच नाव असतं, हो चि मिन्ह. ते वारले २ सप्टेंबर १९६९ रोजी. सायगाव पडलं ३० एप्रिल १९७५ ला. म्हणजे विजयानंतरची पत्रकार परिषद त्यांनी साडेपाच वर्षं आधी मरून घेतली म्हणायची. त्यांची समाधी? त्यांनी दहनाची इच्छा लिहून ठेवली होती, ती बाजूला ठेवून त्यांचा देह हानोईत जतन करून ठेवलाय. लाखो लोक रांग लावून बघतात. त्या वास्तूवर बाहेर त्यांचं नाव आहे. बरं, १९७७ च्या परराष्ट्रमंत्री बाई? १९६५ ते १९८० व्हिएतनामचे परराष्ट्रमंत्री होते न्गुयेन दुय त्रिन्ह. पुरुष होते. ज्या बाईंचं नाव या गोष्टीला चिकटवता येईल त्या न्गुयेन थी बिन्ह. १९७३ च्या पॅरिस करारावर दक्षिणेतल्या क्रांतिकारी सरकारच्या वतीने सही करणाऱ्या. फार मोठी बाई. पण १९७७ साली त्या शिक्षणमंत्री होत्या.

आणि शेवटचा पुरावा राजस्थानातला. तिकडे हाच फॉरवर्ड महाराणा प्रतापांच्या नावाने फिरतो. तेच राष्ट्राध्यक्ष, तीच समाधी, तीच माती. फक्त रायगडाच्या जागी चितोड किंवा उदयपूर. आता बोला. पर्समध्ये नेमकी कुठली माती होती?

मग त्यांना लढायला शिकवलं कुणी? हा प्रश्नच मला अपमानकारक वाटतो, पण उत्तर देते. १२८८ साली बाख दांग नदीच्या मुखाशी त्रान हुंग दाओने लोखंडी टोकांचे खुंट पाण्याखाली रोवून ठेवले, भरतीच्या वेळी मंगोल गलबतांना आत ओढलं आणि ओहोटी लागली तशी ती गलबतं खुंटांवर अडकली. दाभोळच्या खाडीवर वाढलेल्या कुणालाही ही युक्ती एका क्षणात कळेल. १४१८ पासून १४२७ पर्यंत ले लोयने रानावनांतून लढत चिनी मिंग फौजांना हाकललं. महाराजांचा जन्म १६३० चा. अमेरिकेशी आणि त्याआधी फ्रेंचांशी लढलेला सेनापती वो न्गुयेन जियाप हा तर हानोईतल्या शाळेत इतिहास शिकवायचा. ज्याला स्वतःच्या देशाचा हजार वर्षांचा लढायांचा इतिहास वर्गात शिकवून तोंडपाठ झालाय, त्याला आपण शिकवणी लावली म्हणून सांगतो!

शिवाय ते युद्ध नुसत्या गनिमी काव्याने जिंकलेलंही नाही. १९५४ साली दिएन बिएन फूला जियापने जड तोफा सुट्या करून माणसांच्या खांद्यावरून आणि दोरांनी डोंगरावर चढवल्या आणि फ्रेंचांना महिना-दोन महिने वेढा घालून शरण आणलं. अमेरिकेचं शेवटचं लढाऊ सैन्य मार्च १९७३ मध्ये करारानुसार निघून गेलं. आणि ३० एप्रिल १९७५ ला सायगावच्या राष्ट्राध्यक्ष प्रासादाचं फाटक तोडलं ते रणगाड्यांनी. त्या प्रासादाच्या आवारात तसलेच रणगाडे आजही उभे करून ठेवलेत, मुलं त्यांच्यासमोर फोटो काढतात. गनिमी कावा हा शब्द आपला, पण दुबळ्याने बलवानाशी आडवाटेने लढायची रीत जगात सगळीकडे आहे. 'गुरिला' हा शब्द स्पेनमधून आला, नेपोलियनशी लढणाऱ्यांकडून. आपल्याच दख्खनमध्ये महाराजांच्या आधी मलिक अंबर मोगलांना असाच जेरीस आणत होता. यात महाराजांचं काही कमी होत नाही. त्यांचं वेगळेपण कशात होतं ते पुढे सांगते.

इथपर्यंत आल्यावर हमखास येणारा प्रश्न : एवढं काय बिघडतं? महाराजांचंच नाव मोठं होतंय ना?

बिघडतं, मामा. पुष्कळ बिघडतं.

एक म्हणजे, महाराजांचं नाव मोठं व्हायला परदेशी राष्ट्राध्यक्षाचा शिक्का कशाला लागतो? एरवी आपण छाती पुढे काढून म्हणतो, आम्हाला कुणाच्या प्रमाणपत्राची गरज नाही. आणि मग एका मेलेल्या माणसाच्या तोंडी न बोललेलं वाक्य घालून, न कोरलेला शिलालेख वाचून प्रमाणपत्र मिळवतो. प्रतापगड, उंबरखिंड, लाल महाल, आग्रा, एवढं सगळं खरं पदरात असताना खोट्याची उसनवारी! उंबरखिंडीत २ फेब्रुवारी १६६१ ला काय झालं हे त्या फॉरवर्ड पाठवणाऱ्या किती जणांना सांगता येईल? आणि ज्याला ते सांगता येतं, त्याला फॉरवर्डची गरज पडत नाही.

दुसरं जास्त गंभीर आहे. तिथल्या युद्धाच्या संग्रहालयात मी एक अख्खा दिवस काढला. १९७५ साली सुरू झालेलं हे संग्रहालय. तेव्हा त्याच्या नावातच अमेरिकेचे गुन्हे होते. पुढे संबंध सुधारत गेले तसं नाव सौम्य होत गेलं आणि १९९५ पासून ते नुसतं युद्धावशेषांचं संग्रहालय आहे. अंगणात पकडलेली विमानं, हेलिकॉप्टर, रणगाडा. आत मजल्यांवर फोटो. माय लाय गावचे, १६ मार्च १९६८ चे. त्या एका सकाळी व्हिएतनामच्या मोजणीप्रमाणे ५०४ माणसं मारली गेली, बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारे. एक दालन नारिंगी रंगाचं. १९६१ ते १९७१ या काळात अमेरिकेने दक्षिण व्हिएतनामच्या जंगलांवर आणि शेतांवर साधारण साडेसात कोटी लिटर तणनाशकं फवारली. त्यातलं निम्म्याहून जास्त एजंट ऑरेंज, डायॉक्सिन मिसळलेलं. त्याचे परिणाम भोगणाऱ्यांचे फोटो तिथे आहेत, आणि त्यातल्या कित्येकांचा जन्म युद्ध संपल्यानंतरचा आहे. तिथे कुणी बोलत नाही. बाहेर शहर कर्कश हॉर्न वाजवत असतं, आत चपलांचा आवाज तेवढा.

व्हिएतनाम सरकारने १९९५ साली दिलेला अंदाज असा की वीस लाखांच्या आसपास सामान्य नागरिक आणि त्यांच्या बाजूचे अकरा लाख लढणारे मेले. अमेरिकेच्या अठ्ठावन्न हजारांवर. या तीस लाखांच्या मढ्यांवर उभं राहून आपण काय म्हणतो, तर हे सगळं आमच्यामुळे जमलं. कुणाच्या घरी सुतक असताना जाऊन 'तुमचा मुलगा आमच्याच शिकवणीने धीट झाला होता हं' असं आपण म्हणू का? हे त्याच्यापेक्षा वेगळं नाही.

हे संग्रहालयही सगळं खरं सांगतं असं नाही, हेही लिहिलं पाहिजे. १९६८ साली ह्युए शहर ताब्यात असताना कम्युनिस्ट फौजांनी ज्या शेकडो नागरिकांना ठार करून पुरलं, ते तिथे नाहीत. १९७५ नंतर 'पुनर्शिक्षणाच्या' छावण्यांत डांबलेले नाहीत, होड्यांतून समुद्रात पळालेले लाखो लोक नाहीत. जिंकलेल्याचं संग्रहालय असंच असतं. तरी तिथे एक दालन आहे जे मला सगळ्यांत प्रामाणिक वाटलं. इंडोचायनातल्या लढायांत मेलेल्या छायाचित्रकारांच्या कामाचं. दोन्ही बाजूंच्या, सव्वाशेहून जास्त. हॉर्स्ट फास आणि टिम पेज या तिथे काम केलेल्या दोघा छायाचित्रकारांनी ते गोळा केलं. जे घडलं ते दाखवायचं म्हणून ही माणसं मेली. आणि आपण घरबसल्या, पंख्याखाली, जे घडलं नाही ते एका बोटाने पुढे ढकलतो.

तिसरं. खोटी गोष्ट खरीच्या जागेवर बसते आणि खरीला उठवून लावते. सायगावात भारतीय सैनिक खरोखर लढले होते, हे किती जणांना माहीत आहे? सप्टेंबर १९४५. जपान हरलेलं, हानोईत २ सप्टेंबरला हो चि मिन्हने स्वातंत्र्य जाहीर केलेलं. जपान्यांची शस्त्रं उतरवायला म्हणून इंग्रजांनी सायगावला फौज पाठवली. जनरल ग्रेसीच्या हाताखालची विसावी हिंदी डिव्हिजन. हिंदी आणि गुरखा जवान. प्रत्यक्षात काय झालं, तर फ्रेंचांना पुन्हा गादीवर बसवण्यात आलं आणि त्याला विरोध करणाऱ्या व्हिएतनामी स्वातंत्र्यसैनिकांशी १९४६ च्या सुरुवातीपर्यंत या फौजेची लढाई चालली. नेहरूंनी आणि काँग्रेसने तेव्हाच जाहीर निषेध केला होता, की आमच्या पोरांना दुसऱ्यांच्या गुलामीसाठी वापरू नका. पोरं तरी काय करणार, हुकूम इंग्रजाचा.

म्हणजे सायगावच्या रस्त्यावर भारतीय बंदूक चालली ती त्यांच्या स्वातंत्र्याच्या विरुद्ध. हे मला तिथे त्या रस्त्यांवरून चालताना सारखं आठवत होतं. आपल्या शाळेच्या पुस्तकात हे मी वाचलेलं नाही. फॉरवर्डमध्ये तर ते येणारच नाही, त्याने कुणाची छाती फुगत नाही.

आणि अभिमानच हवा असेल तर खरे धागे काय कमी आहेत? १९५४ च्या जिनिव्हा करारावर देखरेख करायला जो आंतरराष्ट्रीय आयोग नेमला त्याचं अध्यक्षपद भारताकडे होतं. कॅनडा आणि पोलंड सोबतीला. आपले अधिकारी आणि जवान कित्येक वर्षं हानोई-सायगावात राहिले. हो चि मिन्ह १९५८ साली भारतात येऊन गेले. कोलकात्यात ज्या रस्त्यावर अमेरिकेची वकिलात आहे, त्याच रस्त्याला बंगाल्यांनी हो चि मिन्हचं नाव देऊन ठेवलंय (याला म्हणतात गनिमी कावा!). मध्य व्हिएतनाममध्ये मी सन नावाची चंपा राजांची शिवमंदिरं आहेत, त्यातलं मुख्य शिखर १९६९ च्या अमेरिकन बॉम्बहल्ल्यात पडलं. तिथे आपल्या पुरातत्त्व खात्याची माणसं डागडुजी करत असताना २०२० साली अखंड वालुकाश्माचं शिवलिंग सापडलं. हे सगळं खरं आहे, तारखांसकट. एवढं असून आपण काय पाठवतो? पर्समधली माती.

आता कु ची. शहरापासून दीड-दोन तासांवर जमिनीखाली दोनशे किलोमीटरहून जास्त लांबीचं बोगद्यांचं जाळं. खणायला सुरुवात फ्रेंचांच्या वेळेस, वाढवलं अमेरिकेच्या वेळेस. आता बोगदा म्हणजे काय ते पोफळीच्या माणसाला कुणी सांगायला नको. आमच्याकडे घाटमाथ्यावरचं कोयनेचं पाणी डोंगराच्या पोटातून येतं आणि पोटातच असलेल्या वीजघरात १९६२ पासून वीज करतं. पण तो बोगदा सुरुंग लावून काळ्या दगडात केलेला, आणि सरकारच्या पैशाने. कु चीचे लोकांनी कुदळ-टोपलीने केलेले. तिथली माती लालसर, चिकण, वाळली की विटेसारखी घट्ट. खणलेली माती विमानातून दिसू नये म्हणून लांब नेऊन टाकायची. स्वयंपाकाचा धूर दुसरीकडून, जमिनीलगत पसरेल असा सोडायचा. डोंगर नाही, कडे नाहीत, सपाट मुलूख. म्हणून माणसं खाली गेली. मामा, तुम्ही एवढे किल्ले बघितलेत, तुम्हीच सांगा, यात सह्याद्रीची नक्कल कुठे दिसते? ज्याची जशी जमीन तशी त्याची लढाई. हे महाराजांना जितकं कळत होतं तितकंच त्या अडाणी शेतकऱ्यांनाही कळत होतं.

पर्यटकांसाठी बोगद्याचा काही भाग रुंद केलाय, तरी गुडघे छातीला लागतात. बाहेर आल्यावर उकडलेला कंद देतात, शेंगदाण्याच्या कुटात बुडवून. आपला साबुदाणा ज्या कंदाचा होतो तोच. आपण ते उपासाला खातो, ते लढताना खायचे. आणि तिथेच शेजारी गोळीबाराचं मैदान आहे. गोळीमागे पैसे मोजायचे आणि एके-४७ चालवायची. ज्या जमिनीत माणसं गुदमरून मेली तिच्यावर दिवसभर फटाफट आवाज. रांगेत मराठीही ऐकू आलं. बंदूक खांद्याला लावून फोटो, आणि बाजूला कुणीतरी महाराजांच्या नावाचा जयघोष केला. मला लाज वाटली ती त्या जयघोषाची नाही, जागेची. आपण ज्यांचं नाव घेतोय ते इथे असते तर काय म्हणाले असते?

काय म्हणाले असते याचा अंदाज बांधायची गरज नाही. त्यांनी लिहून ठेवलंय. आणि ते लिहिलंय आमच्या चिपळूणला.

१६७४ च्या राज्याभिषेकाच्या आसपासचं पत्र आहे. चिपळूणजवळ घोडदळाची छावणी होती (दळवटण्याला, असं आमच्याकडे सांगतात), तिथल्या जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना उद्देशून. त्यात लढाईचा डावपेच एक नाही. दाणा-वैरण जपून वापरा, आत्ता उधळलीत तर पावसाळ्यात मिळणार नाही, घोडी मरतील, असं त्यात आहे. मग तुम्ही गावात शिराल आणि कुणाचे दाणे, कुणाची भाकरी, कुणाचं गवत, कुणाची भाजी ओढून आणाल. तसं केलंत तर जे कुणबी कसेबसे टिकून राहिलेत तेही परागंदा होतील, उपाशी मरतील, आणि त्यांना तुम्ही मोगलांपेक्षा वाईट वाटाल. काय लागेल ते बाजारातून पैसे देऊन घ्या. आणि रात्री दिवे जळते ठेवून झोपू नका. उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गंजी पेटेल. राजा राज्याभिषेकाच्या धामधुमीत आहे आणि उंदराने ओढून नेलेल्या वातीची काळजी करतोय!

मघाशी म्हटलं ना, महाराजांचं वेगळेपण कशात होतं ते सांगते? ते इथे आहे. आडवाटेने लढणारे जगात पुष्कळ झाले. आपल्याच विजयी फौजेपासून कुणब्याची भाजी वाचवायची चिंता करणारे फार थोडे. मला ते पत्र आठवलं सायगावच्या संग्रहालयात, माय लायच्या फोटोंसमोर. ज्या फौजेला असं पत्र कुणी लिहिलं नाही ती काय करते, ते त्या भिंतीवर टांगलेलं होतं. महाराजांचा आणि व्हिएतनामचा संबंध जोडायचाच असेल तर तो असा जोडा. त्यासाठी कुणाच्या तोंडी खोटं वाक्य घालावं लागत नाही.

तेव्हा मामा, पुतळ्याचा फोटो मी टाकणार नाही, पण दोन कामं सांगते. ते पत्र शिवकालीन पत्रांच्या कुठल्याही चांगल्या संग्रहात मिळतं. पुढच्या शिवजयंतीला पोरांना गोळा कराल तेव्हा ते मोठ्याने वाचून दाखवा. अख्खं वाचायला दहा मिनिटंही लागत नाहीत. आणि तो फॉरवर्ड पुन्हा आला की पाठवणाऱ्याला तीनच शब्द विचारा : कोण? कुठे? कधी? उत्तर आलं तर मला कळवा, मी पुन्हा सायगावला जाऊन शोधेन. तिकीट मात्र तुमच्याकडून :-)